मुकादमाच्या पलीकडे: वाशिम जिल्हा आणि मनुष्यबळ व्यवस्थापनाची पायाभरणी

गुढीपाडवा जवळ आला की वऱ्हाडात सालदारांची साले ठरतात. मालकाच्या ओसरीवर बोलणी होतात. वर्षाचे पैसे किती, त्यातले आगाऊ किती, धान्य किती, आजारपणात खाडे पडले तर काय, बैलांचे चारापाणी कुणी करायचे, पोळ्याला कपडे मिळणार की नाही, हे सगळे तोंडी बोलले जाते आणि चार माणसांच्या साक्षीने पक्के होते. व्यवस्थापनाच्या पुस्तकांत भरती, वेतनरचना, रजेचे नियम आणि सेवाशर्ती अशी प्रकरणे असतात. ती सगळी या एका बैठकीत उरकलेली असतात. कागद मात्र झालेला नसतो, आणि वर्षाच्या मध्यावर वाद उठला की तो कागदाअभावीच चिघळतो.

मनुष्यबळ व्यवस्थापन हा पुण्या-मुंबईच्या काचेच्या इमारतींमधला विषय आहे, असा समज आपल्याकडे घट्ट आहे. व्यवस्थापनाची पदवी घेणारी मुलेही तो तसाच शिकतात: हजारो कर्मचाऱ्यांची कंपनी, तिचा स्वतंत्र विभाग, त्याची धोरणे. वाशिम जिल्ह्यातला मालक असा नसतो. त्याच्याकडे पाच, आठ, फार तर पंधरा माणसे असतात. या विषयाची मुळाक्षरे शिकण्याची सर्वांत जास्त गरज त्यालाच आहे, कारण त्याच्याकडे स्वतंत्र विभाग नाही आणि तो कधी असणारही नाही. भरती करणारा तोच, पगार देणारा तोच, रागावणारा तोच आणि तक्रार ऐकणाराही तोच.

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, मानोरा आणि कारंजा असे सहा तालुके. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ११ लाख ९७ हजार, आणि पाचांपैकी चारांहून अधिक लोक खेड्यांत राहणारे. सोयाबीन आणि तूर ही मुख्य पिके. त्यांच्याभोवती बाजार समित्या, अडत दुकाने, डाळमिल, जिनिंग, गोदामे. याच्या जोडीला कृषी केंद्रे, कापड दुकाने, खासगी दवाखाने, पतसंस्था, शिकवणी वर्ग, विनाअनुदानित शाळा. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी या टप्प्यासह समृद्धी महामार्ग सुरू झाला आणि कारंजा, शेलूबाजारच्या बाजूने मालवाहतूक व हॉटेल व्यवसायाच्या आशा वाढल्या. २०१८ साली केंद्राने देशभरातले आकांक्षित जिल्हे निवडले. त्यांत गडचिरोली, नंदुरबार, उस्मानाबाद यांच्यासह वाशिमचे नाव होते. तेव्हापासून इथे तरुणांच्या कौशल्याची चर्चा खूप झाली. त्या तरुणांना कामावर ठेवणाऱ्याच्या कौशल्याची चर्चा मात्र झालेली नाही. हा लेख त्या दुसऱ्या कौशल्याविषयी आहे.

या विषयाचा आपल्या भागातला इतिहास समजून घ्यायला अमेरिकेत जावे लागत नाही. तिथल्या टेलरचे वैज्ञानिक व्यवस्थापन १९११ चे. त्याच्या कितीतरी आधी, १ जानेवारी १८७७ रोजी, जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. कापूस वऱ्हाड-नागपूरच्या पट्ट्यात मुबलक होता. रोज वेळेवर कामावर येणारा माणूस मिळणे अवघड होते. शेतीच्या लयीत वाढलेला मजूर चार पैसे हातात आले की घरी राही. पेरणीला, लग्नाला, जत्रेला गावी निघून जाई. दंड लावून ही गैरहजेरी संपणार नाही, हे जमशेटजींनी आणि त्यांचे व्यवस्थापक बेझनजी मेहता यांनी ओळखले. मिलने चांगल्या कामासाठी बक्षिसे ठेवली, कामाच्या जागी हवा खेळती ठेवण्याची सोय केली, उमेदवारांना शिकवण्याची व्यवस्था केली. १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी आला, १८९५ मध्ये अपघाताची भरपाई सुरू झाली. देशात अपघात भरपाईचा कायदा १९२३ मध्ये झाला आणि भविष्य निर्वाह निधीचा १९५२ मध्ये. म्हणजे विदर्भातली एक गिरणी कायद्याच्या कितीतरी वर्षे पुढे होती, आणि तिने हे केले ते माणूस टिकावा म्हणून. टिकलेला माणूस नफा देतो हा हिशेब तिथे पहिल्यांदा नीट मांडला गेला. आज कारंज्याचा किंवा रिसोडचा दुकानदार ‘पोरं टिकत नाहीत हो’ म्हणतो, तेव्हा तो जमशेटजींचाच प्रश्न विचारत असतो. त्याचे उत्तर शोधायला मात्र तो बसत नाही.

दुसरा धागा मुंबईचा, आणि तो कामगारांच्या बाजूने आलेला. सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. मागण्या अशा होत्या: रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, मागच्या महिन्याचा पगार पंधरा तारखेपर्यंत हातात, आणि कामावर जायबंदी झालेल्याला भरपाई. १० जून १८९० रोजी साप्ताहिक सुटी मान्य झाली. मनुष्यबळ व्यवस्थापनाचा पायाभूत अभ्यासक्रम कुणी एका पानावर मागितला, तर मी लोखंड्यांचे हे निवेदन हातात देईन. कामाचे तास, विश्रांती, वेतनाची तारीख, सुरक्षितता: यातली एकही गोष्ट जुनी झालेली नाही. वाशिम जिल्ह्यातल्या कितीतरी दुकानांत आठवड्याची सुटी अजून मालकाच्या मर्जीवर आहे.

गिरण्यांच्या त्याच काळात एक पात्र कामगार आणि मालक यांच्यामध्ये उभे होते: जॉबर. तो गावाकडून माणसे आणी, कामावर लावी, काढून टाकी, मधल्या मधे दस्तुरी खाई. मालकाला आपल्या गिरणीत कोण काम करतो हे ठाऊक असण्याची गरजच उरली नव्हती. १९२९ साली नेमलेल्या व्हिटली आयोगाने १९३१ च्या अहवालात या व्यवस्थेवर बोट ठेवले आणि भरतीचे काम जॉबरकडून काढून कामगार अधिकाऱ्याकडे द्यावे, अशी शिफारस केली. आपल्याकडे या व्यवसायाचा जन्म तिथे झाला असे म्हणायला हरकत नाही. पुढे १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात कामगार खाते सांभाळत होते. सरकार, मालक आणि कामगार यांनी एका टेबलाशी बसण्याची त्रिपक्षीय पद्धत आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा ही त्या काळाची देणगी. १९४८ च्या कारखाना कायद्याने पाचशे किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी सक्तीचा केला. मग १९७५ च्या सुमारास अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतले उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांच्या सल्ल्यावरून लार्सन अँड टुब्रोने माणसांच्या वाढीसाठी स्वतंत्र विभाग काढला. कामगाराला शिस्तीत ठेवणे आणि त्याचे कल्याण पाहणे यापुढे जाऊन त्याची क्षमता वाढवणे हे व्यवस्थापनाचे काम आहे, ही कल्पना तिथून देशभर पसरली.

या सगळ्या वाटचालीत मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. मालकाने मधल्या माणसाला बाजूला सारून काम करणाऱ्याशी थेट, नावानिशी आणि लेखी नाते जोडले, तिथे मनुष्यबळ व्यवस्थापन सुरू झाले. बाकीची तंत्रे नंतरची.

वाशिमला ही गोष्ट सांगण्याचे कारण उघड आहे. इथला मधला माणूस अजून हललेला नाही. जिल्ह्यातल्या तांड्यांवरून आणि कोरडवाहू गावांतून दसरा-दिवाळीच्या आसपास कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला निघतात. मुकादम उचल देतो, टोळी बांधतो, गाडी आणतो. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. हिशेब कोयत्याचा होतो, टनावर होतो, आणि बाईची मजुरी वेगळी कुठे दिसतच नाही. फडात ती पहाटेपासून राबते, पण कोणत्याही हजेरीपटावर तिचे नाव नसते. कारखाना करार करतो तो वाहतूकदाराशी, वाहतूकदार बोलतो मुकादमाशी. उचल फिटली नाही तर पुढच्या हंगामाची बांधिलकी डोक्यावर राहते. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ स्थापन झाले आहे. कामगाराची नावानिशी नोंदणी हे त्याचे पहिले काम असायला हवे, कारण नोंदीशिवाय विमा नाही, वसतिगृह नाही, भरपाई नाही.

मुकादमाचे शहरी रूपही आले आहे. सरकारी कार्यालयांतला संगणक चालक, रुग्णालयातला सफाई कामगार, बँकेच्या दारातला सुरक्षारक्षक एजन्सीमार्फत येतो. त्याचा पगार किती मंजूर झाला आणि हातात किती पडला यातली तफावत कार्यालयप्रमुखाला माहीत नसते, किंवा माहीत करून घ्यायची नसते. कायदा याबाबत स्पष्ट आहे: कंत्राटदाराने वेतन दिले नाही तर ते देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते. ज्याच्या आवारात माणूस काम करतो त्याला ‘तो आमचा कर्मचारी नाही’ असे म्हणून सुटता येत नाही.

याच्या उलट, मधला माणूस हटवण्याचा यशस्वी प्रयत्नही महाराष्ट्रानेच केला आहे. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. हमालांची नोंदणी मंडळाकडे, मालकाने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरायची, त्यातून भविष्य निर्वाह निधी, बोनस, औषधोपचार. दर फेऱ्याला मालक बदलणाऱ्या माणसालाही कायम नोकरदारासारखे संरक्षण देता येते, हे या कायद्याने दाखवले. आणि बाजार समितीच्या संचालक मंडळात हमाल-तोलारी मतदारसंघाचा एक प्रतिनिधी असतो, हेही ध्यानात घ्यावे. कारंज्याच्या किंवा वाशिमच्या बाजारात पोते उचलणाऱ्याचा माणूस, निदान कागदावर, कारभार ठरवणाऱ्यांच्या रांगेत बसतो. मोठमोठ्या कंपन्यांना जे साधलेले नाही ते बाजार समितीच्या रचनेतच आहे. त्या एका खुर्चीचा वापर किती होतो हा वेगळा प्रश्न, आणि तो दर निवडणुकीत हमालांनी विचारला पाहिजे.

आता मुळाक्षरांकडे येतो. त्यातली पहिली तीन, म्हणजे निवड, नेमणूक आणि वेतन, यांवर थोडे थांबावे लागेल. लहान व्यवसायात निम्म्याहून अधिक बिघाड इथेच होतात.

आपल्याकडे माणूस ओळखीतून ठेवला जातो. भाच्याचा मित्र, गावचा पोरगा, कुण्या पाहुण्याची शिफारस. ओळख वाईट नाही. लहान गावात तीच विश्वासाची हमी असते. पण ओळखीने माणूस प्रामाणिक आहे एवढेच कळते, त्याला काम येते की नाही हे कळत नाही. त्याआधी मालकाने स्वतःला विचारायचा प्रश्न असतो: मला नेमके कोणते काम करून हवे आहे? कृषी केंद्रातल्या मुलाने बिले करायची, साठा मोजायचा, की शेतकऱ्याला औषधाचे प्रमाण समजावून सांगायचे? तिन्हींसाठी वेगळी माणसे लागतात. ‘पडेल ते काम’ या तीन शब्दांत मालक सगळे उरकतो, आणि मग त्या मुलाला दुकान झाडण्यापासून मालकाच्या घरचा गॅस आणण्यापर्यंत सगळे पडते. तीन महिन्यांत तो जातो. कामाचे वर्णन चार ओळींत लिहून काढणे आणि उमेदवाराकडून दोन दिवस मोबदला देऊन प्रत्यक्ष तेच काम करून पाहणे, एवढ्या दोन गोष्टींनी निवड सुधारते. त्याला कोणतीही पदवी लागत नाही.

दुसरे अक्षर नेमणूकपत्राचे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या आणि प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणे बंधनकारक झाले. कायदा नसता तरी ते द्यायला हवे होते. पद, कामाचे स्वरूप, वेळ, पगार, पगाराची तारीख, साप्ताहिक सुटी, रजा, नोकरी सोडताना किंवा काढताना द्यायची पूर्वसूचना: हे सगळे एका पानात मावते. मराठीत लिहावे, दोघांनी सह्या कराव्यात, एक प्रत कामगाराच्या घरी जावी. मालकांना याची भीती वाटते, ‘कागद दिला की उद्या कोर्टात जाईल.’ अनुभव नेमका उलटा असतो. कागद नसला की पुरावा फक्त तोंडी उरतो आणि तोंडी वादात लहान मालकाची बाजूही तेवढीच कमकुवत असते.

रजेबाबत एक चांगली तरतूद इथे सांगण्यासारखी आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात, तो लागू असलेल्या आस्थापनांसाठी, वर्षाला आठ पगारी सणसुट्या आहेत. त्यांतल्या चार ठरलेल्या: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी आपसांत ठरवायच्या. मानोऱ्याच्या दुकानात पोहरादेवीच्या रामनवमी यात्रेची सुटी असू शकते, मंगरुळपीरला ईदची, कुठे पोळ्याची. वर्षाच्या सुरुवातीला बसून हे ठरवले तर ऐन यात्रेच्या दिवशी निम्मे दुकान न सांगता गैरहजर, हा प्रकार बंद होतो. पण किती मालकांनी अशी बैठक कधी घेतली आहे?

तिसरे अक्षर पगार. किमान वेतनाचा दर हा खालचा काठ आहे, त्याच्या खाली जाणे गुन्हा आहे, आणि तो काठ म्हणजे योग्य पगार असा अर्थ कुणी घेऊ नये. मासिक वेतन पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत द्यायचे. १८८४ मध्ये लोखंडे पंधरा तारखेसाठी झगडत होते. आज सात तारीख कायद्यात असूनही ‘आडत्याकडून पैसे आले की देतो’ हे वाक्य बाजारात सर्रास ऐकू येते. व्यापारातली जोखीम मालकाची. ती कामगाराच्या किराण्यावर ढकलणे हा अन्याय आहे. दुसरा अन्याय शेतात उघड दिसतो. सोयाबीनची सोंगणी असो की निंदण, बाई आणि पुरुष एकाच ओळीत काम करतात आणि रोज वेगळा घेतात. समान कामाला समान वेतन हा कायदा १९७६ मध्येच झाला. गुत्त्याने, म्हणजे एकरी भावाने काम दिले की हा फरक दिसेनासा होतो खरा, पण टोळीत वाटणी करताना तो पुन्हा उगवतो.

वेतनाचा एक भाग मालक विसरतो आणि कामगाराला ठाऊक नसतो: ग्रॅच्युइटी. दहा किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेत सलग पाच वर्षे काम केलेल्याला प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन मिळते. महिन्याच्या वेतनाला २६ ने भागून १५ ने गुणायचे. समजा शेवटचे वेतन १३,००० रुपये आहे. वर्षामागे ७,५०० झाले. दहा वर्षांनी ७५,०००. हा पैसा अचानक एकदम द्यावा लागला की मालक चिडतो, आणि माणसाला नवव्या महिन्यात काढून पुन्हा घेण्याची युक्ती शोधतो. दरवर्षी थोडी रक्कम बाजूला ठेवली असती तर चिडायचे कारण नव्हते. वीस किंवा अधिक माणसे असली की भविष्य निर्वाह निधी येतो, कामगाराचे १२ टक्के आणि मालकाचे १२ टक्के. अशा आकड्यांच्या अटींमुळे आपल्याकडे नऊवर किंवा एकोणिसावर थांबण्याची सवय लागली आहे. दहावा माणूस असतो, कामही करतो, पण वहीत नसतो. व्यवसाय वाढवायचा आणि माणूस लपवायचा, हे फार काळ चालत नाही. या अटी अधूनमधून बदलतात, तेव्हा ऐकीव माहितीवर न जाता सरकारी कामगार अधिकाऱ्याच्या कार्यालयात जाऊन ताजी अट विचारावी.

प्रशिक्षणाविषयी थोडक्यात सांगतो. ‘पाहून पाहून शिकेल’ ही आपली पद्धत, आणि सुतारकी-लोहारकीत ती पिढ्यान्पिढ्या चालली. पण डाळमिलमधले यंत्र पाहून शिकताना बोट जाते. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली तीस किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेने शिकाऊ घेणे बंधनकारक आहे. त्याहून लहान आस्थापनांनाही चार माणसांपासून स्वेच्छेने घेता येतात. २०२४ मध्ये राज्याने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, त्यात शिक्षणानुसार महिन्याला ६ ते १० हजार रुपये विद्यावेतन सरकार देते. योजना चांगली, पण आलेल्या मुलाला शिकवणार कोण, काय आणि किती दिवसांत, हे आस्थापनेने ठरवले नसेल तर मुदतभर तो झेरॉक्स काढतो आणि प्रमाणपत्र घेऊन घरी जातो.

कामाचे मूल्यमापन हा विषय सरकारी कर्मचाऱ्याला गोपनीय अहवालामुळे माहीत आहे. २००८ मध्ये देव दत्त प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अहवालातली प्रत्येक नोंद, चांगली असो की वाईट, कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे. हे तत्त्व पाच माणसांच्या दुकानालाही लागू पडते. मालकाचे मत मनात साठते आणि एके दिवशी गिऱ्हाइकासमोर फुटते. त्याऐवजी सहा महिन्यांनी एकदा, दोघेच बसून, काय बरे झाले आणि काय नाही हे बोलावे.

तक्रार ऐकण्याची वाट बंद झाली की काय होते, हे महाराष्ट्राने १८ जानेवारी १९८२ पासून पाहिले. त्या दिवशी सुरू झालेल्या मुंबईच्या गिरणी संपामागे वेतनाचा प्रश्न होता, तसाच प्रतिनिधित्वाचाही होता. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने गिरण्यांत एकाच संघटनेला बोलणी करण्याची मान्यता होती. कामगारांचा विश्वास दुसरीकडे गेला तरी मान्यता तिथेच राहिली. आपला माणूस बोलणीच्या टेबलावर नाही असे अडीच लाख कामगारांना वाटले. लहान आस्थापनेत हेच लहान प्रमाणात घडते. मालकाच्या पुतण्याविरुद्ध तक्रार मालकाच्या पुतण्याकडेच करायची असेल, तर कुणी करत नाही, नोकरी सोडतो.

स्त्रियांच्या बाबतीत ही वाट खुली असणे अत्यावश्यक आहे. २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी लैंगिक छळाविरुद्ध अंतर्गत समिती हवी, अध्यक्ष स्त्री हवी, निम्म्या तरी सदस्य स्त्रिया हव्यात. दहापेक्षा कमी माणसे असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. घरकाम करणाऱ्या बाईलाही. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची असते. औषध दुकानात, शिकवणी वर्गात, पतसंस्थेत काम करणाऱ्या मुलींपैकी किती जणींना ही स्थानिक समिती असते हे ठाऊक आहे? जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी शेवटच्या वर्षाच्या प्रत्येक मुलीला हे एक वाक्य पाठ करून घरी पाठवावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आता एका नव्या मालकाविषयी, कारण जिल्ह्याचे पुढचे बरेच काही त्याच्यावर अवलंबून आहे. तो म्हणजे शेतकरी उत्पादक कंपनी. २००२ मध्ये कंपनी कायद्यात बदल होऊन शेतकऱ्यांना अशी कंपनी काढता येऊ लागली. २०२० च्या दहा हजार उत्पादक संघटनांच्या केंद्रीय योजनेने आणि राज्याच्या स्मार्ट प्रकल्पाने तिला बळ दिले. सोयाबीन-तुरीच्या पट्ट्यात अशा कंपन्या उभ्या राहणे स्वाभाविकच होते. अशा कंपनीला पूर्ण वेळ मुख्य कार्यकारी अधिकारी नेमावाच लागतो. केंद्रीय योजनेत त्याच्या पगारासाठी महिन्याला २५,००० रुपयांपर्यंत मदत आहे, पण ती तीन वर्षे. संचालक पाच ते पंधरा, सगळे शेतकरी. म्हणजे आयुष्यभर सालदार ठेवलेल्या किंवा स्वतः रोजाने गेलेल्या माणसांनी एका पदवीधर मुलाला कामावर ठेवायचे, त्याच्याकडून हिशेब मागायचे, आणि त्याला निर्णयाची मोकळीकही द्यायची. हे नाते नवे आहे. ते कसे निभवायचे हे कुणी शिकवत नाही. मग दोनच गोष्टी घडतात. एक तर अध्यक्ष त्या मुलाला घरच्या गड्यासारखा राबवतो, नाहीतर सगळा कारभार त्याच्यावर सोडून संचालक फक्त सह्या करतात. दोन्हींत कंपनी मोडते. योजनेचा पैसा संपला की मुलगा निघून जातो आणि त्याच्याबरोबर व्यापाऱ्यांचे संपर्क, साठ्याचे आकडे, जीएसटीचे पासवर्ड सगळे जाते.

मला वाटते, कंपनीच्या नोंदणीसाठी जेवढे कष्ट घेतले जातात त्याच्या निम्मे जरी या एका नेमणुकीसाठी घेतले तरी खूप फरक पडेल. संचालकांनी ठरवावे: अधिकाऱ्याने विचारल्याशिवाय किती रकमेपर्यंत खर्च करायचा, कोणते निर्णय मंडळाचे, दर महिन्याला कोणते चार आकडे मंडळापुढे यायचे, आणि तीन वर्षांनंतर त्याचा पगार नफ्यातून कसा निघायचा. हे चार मुद्दे ठरावाच्या वहीत लिहिले गेले पाहिजेत.

माणूस जातानाही व्यवस्था लागते. नव्या संहितेनुसार नोकरी सुटली की दोन कामकाजी दिवसांत त्याचे सगळे वेतन चुकते करायचे. आपल्याकडे शेवटचा पगार अडवून धरणे हा मालकाचा हक्कच समजला जातो. अनुभवाचा दाखला देताना हात आखडतो. गेलेला माणूस गावात आपल्याविषयी काय सांगतो, यावर पुढचा चांगला माणूस येणार की नाही हे ठरते, आणि वाशिमसारख्या जिल्ह्यात ती बातमी दोन दिवसांत सहा तालुके फिरते.

हे शिकायचे कुठे? मुंबईत १९३६ साली सर दोराबजी टाटा पदव्युत्तर समाजकार्य विद्यालय निघाले, तेच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था झाले, आणि कामगार कल्याणापासून मनुष्यबळापर्यंतचे तिथले शिक्षण देशात नावाजले गेले. परळची कामगार अभ्यास संस्था १९४७ ची, आता नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नावाने ओळखली जाते. दूरशिक्षणाने शिकायचे तर नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. जिल्ह्यातली महाविद्यालये संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाला जोडलेली. वाणिज्य आणि व्यवस्थापन शाखांत हा विषय पेपराला असतो. उद्योजकता विकास केंद्राचे, जिल्हा उद्योग केंद्राचे वर्ग होतात, पण त्यांत कर्जाचा प्रस्ताव कसा करावा याला दोन दिवस मिळतात आणि माणसे कशी सांभाळावीत याला एक तास. उमेद अभियानाच्या आणि महिला आर्थिक विकास महामंडळाच्या बचतगटांतल्या स्त्रियांकडे हजेरी, ठराव, वही आणि वाटणी यांची शिस्त या सगळ्यांपेक्षा जास्त आहे. त्यांच्यातून उद्योग उभारणाऱ्या बाईला कामगार ठेवण्याचे शिक्षण द्यायचे तर पाया तयार आहे.

पदवीच्या पेपराबद्दल एक स्पष्ट मत नोंदवतो. मुले पाठ करतात त्या व्याख्या मोठ्या कंपन्यांच्या, आणि प्रकल्प अहवाल उतरवून काढलेले. त्याऐवजी प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या तालुक्यातली दहा माणसांच्या आतली एक आस्थापना निवडावी, मालकाच्या परवानगीने तिथे एक महिना बसावे, प्रत्येक पदाचे कामाचे वर्णन लिहावे, मराठी नेमणूकपत्राचा मसुदा करून द्यावा, हजेरी आणि वेतनाची वही लावून द्यावी. गुण त्या वहीवर द्यावेत. विद्यार्थी शिकेल, मालकही शिकेल, आणि कामगाराच्या हातात पहिल्यांदा त्याच्या नावाचा कागद पडेल. याला नवा निधी लागत नाही, अभ्यास मंडळाचा एक ठराव लागतो.

वाशिम, कारंजा, रिसोडच्या व्यापारी संघटनांना आणि बाजार समित्यांना माझे सांगणे एवढेच आहे: नेमणूकपत्राचा एक साधा मराठी नमुना आणि वेतनवहीचा एक नमुना छापून या वर्षी प्रत्येक सभासदाला द्या. आणि ज्याच्याकडे आज एक जरी माणूस पगारावर आहे, त्याने त्या नमुन्याची वाट न पाहता या आठवड्यात एक पान स्वतः लिहावे, त्यावर दोघांच्या सह्या घ्याव्यात आणि त्याची एक प्रत त्या माणसाला द्यावी.